तारेला नसलेली पत्रिका

आमच्या छापखान्यात नवीकोरी लग्नपत्रिका कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाईक पायरी चढायचं तेच कुणाची तरी जुनी पत्रिका हातात घेऊन. मेव्हण्याची, शेजाऱ्याची, मागच्या वर्षी ज्याच्या मांडवात जेवून आले त्याची. "अशीच करा, फक्त नावं बदला," हे पहिलं वाक्य. ज्यांच्या हातात काही नसायचं त्यांच्यासाठी भिंतीला तार होती. छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत वडील त्या तारेत ओवून ठेवत. लोक तारेपाशी उभे राहून पत्रिका उलटत, आणि सुपातली वांगी निवडावीत तशी एक निवडत.

छापखाना भिवंडीत बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. दोन्ही बाजूंना लूम, म्हणजे यंत्रमाग. शुक्रवारी लूम बंद असले की आमच्या ट्रेडल मशीनचा आवाज आम्हालाच नव्याने ऐकू यायचा. मी मराठी घेऊन बी.ए. झाले होते, नोकरी मिळत नव्हती आणि घरात बसून पोहे करत बघायला येणाऱ्यांची वाट पाहणं माझ्या स्वभावात नव्हतं. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी वडिलांच्या हाताखाली खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला उभी राहिले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांचं धोरण एकच: गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं, शुद्धलेखन तेवढं आपलं.

कॉलेजात आम्हाला कविता एकटी काढून समोर ठेवत आणि अर्थ विचारत. छापखान्यात आल्यावर मला कळलं की एकटा मजकूर म्हणून काही नसतंच. पत्रिका कुणी एकटी वाचत नाही. ती आधीच्या पत्रिकेशेजारी ठेवून वाचतात. मोठ्या भावाच्या लग्नात मामांचं नाव दुसरं होतं, आता चौथं कसं? आत्याच्या घरचे गाळले की विसरले? छापलेलं एकदा वाचतात आणि न छापलेलं वर्षभर वाचत बसतात.

शिवाय कुणाच्या घरून आली त्यावर ओळीचा अर्थ बदलतो, ते वेगळंच. दापोड्याला एका घराने गोदामाला जमीन दिली होती. त्यांनी पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं टाकलं. गावाने वाचलं: आता ह्यांना आमची गरज राहिली नाही. काही लोक जेवायलाही गेले नाहीत म्हणे. त्याच हंगामात तीच ओळ, तेच खिळे, मी एका प्राथमिक शाळेच्या मास्तरांच्या पत्रिकेत लावले. तेव्हा गावाने वाचलं: मास्तर बिचारा साधा माणूस. मी अण्णांना म्हटलं, आपण खिळे विकतो की आरसे? अण्णा म्हणाले, "तू हात चालव."

आमच्याकडे मथळ्याचे दोन ठसे होते, एक गणपतीचा आणि एक ७८६ चा. गावातली जुनी कोकणी मुसलमान घरं मराठीतही पत्रिका काढत, आणि वरचा ठसा सोडला तर खालची 'आग्रहाची विनंती' दोघांची एकच असायची. एकदा एक लूमवाले शेजाऱ्याची पत्रिका घेऊन आले आणि खालच्या कोपऱ्यातल्या, लहान मुलांच्या नावाने छापतात त्या 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ह्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही आमच्यात पण टाका. आमच्या पोरांना काय मामू नाही?" टाकली. पुढे ती ओळ त्यांच्या सगळ्या मोहल्ल्यात फिरली. ओळी अशाच फिरतात, विरजणासारख्या. एका घरचं चमचाभर दुसऱ्या घरी जातं, आणि मग मूळ कुणाचं ते कुणी विचारत नाही.

एवढं सगळं सांगितलं ते त्या मावशीसाठी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अंजूरची एक बाई भाजीची पाटी घेऊन बसायची. वांगी, मुळे, पावसाळ्यात रानभाज्या. तिचा नवरा मुलगी रांगत असताना वारला. मुलगी मोठी झाली ती त्या पाटीवर आणि खाडीकाठच्या भाताच्या तुकड्यावर. जमीन दिराच्या नावावर होती, पण दीर सज्जन. त्याने कधी हात आखडला नाही आणि तिने कधी पसरला नाही. दुपारी ऊन फार झालं की मावशी पाणी प्यायला आमच्याकडे यायची आणि पंख्याखाली जमिनीवर टेकायची. खिळ्यांच्या पेटीकडे बघून म्हणायची, "एवरी बारीक अक्षरं नि तुला दिसतात, बाय?"

एका दुपारी ती पाणी पिऊनही उठेना. अण्णा कागद आणायला मुंबईला गेले होते. मी एकटीच होते. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती.

"बाय, पोरीचा लगीन ठरलाय."

मी म्हटलं, वा, मग पेढे कुठे आहेत?

"पेढं देन. एक इचारू? पत्रिकेन माजा नाव येल का?"

खरं सांगायचं तर आजवर मी शेकडो पत्रिका जुळवल्या आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. आमच्या भागात मुलीच्या पत्रिकेत 'सौ. व श्री. अमुक यांची कन्या' असं छापत. बाप नसला की 'कै. अमुक यांची कन्या' आणि निमंत्रक म्हणून काका किंवा मामा. 'सौ.' गळायची. म्हणजे बाप मेला की कागदावरून आईही जायची, आणि जी जिवंत राहून पाटी उचलते तिच्या जागी मेलेल्याचं नाव यायचं. मी स्वतःच्या हाताने ते खिळे लावले होते आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं.

"कुठे टाकायचं नाव?" मी विचारलं.

"कुठंय टाक. खाली टाक. बारीक टाक. पन टाक." मग तिने पदर सोडला. "उद्या पोरगी पत्रिका ठेवल पेटीन. तिच्या पोरांना दाखवल. ती इचारतील, हिला आयस नव्हती का?"

मी म्हटलं, मावशी, टाकणारच.

पण पत्रिका ठरवायची होती दिराला. तो दोन दिवसांनी आला. धोतर, टोपी, मिशा पिळलेल्या, हातात स्वतःच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका. तीही आमच्याकडेच छापलेली. "हिच्यासारखीच," तो म्हणाला. मी विषय काढला. मला वाटलं होतं भडकेल. मी भांडायला कंबर कसून उभी होते, आणि मला भांडायला आवडतंही. तो भडकला नाही. खुर्चीत बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वैनीनं मनाय सांगितलाय. मी कुठं न्हाय बोलतंय? पन छापायच्या आधी पत्रिका भावकीन वाचून दाखवाया लागते. म्हातारी मानसा इचारतील, आसा कुठं छापलाय? मी काय सांगू? तू एक तरी दाखव मना. एक कागूद दाखव, मी छापतंय."

मी तारेपाशी गेले. तो गेल्यावरही तिथेच होते. तार काढून जमिनीवर पसरली आणि एकेक पत्रिका पाहिली. आगऱ्यांच्या, कुणब्यांच्या, ब्राह्मणांच्या, तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या. बाप नसलेल्या मुली पुष्कळ होत्या. त्यांच्यातल्या एकीलाही आई नव्हती.

मला संताप आला. तारेचाच. म्हणजे आधी कुणी छापलं नाही म्हणून आता छापायचं नाही, आणि आता छापलं नाही म्हणून पुढे कुणी छापणार नाही. अंडं आधी की कोंबडी, आणि दोन्ही पुरुषांच्या खुराड्यात! त्या संतापातच मला सुचलं. आधीची नाही ना? मग आधीची करू.

मी एक घर तयार केलं. आडनाव कुठल्याही जातीत खपेल असं. गाव ठेवलं अकलोली, कारण गरम पाण्याच्या कुंडांवर मी लहानपणी एकदा गेले होते आणि अंजूरपासून ते पुरेसं लांब वाटलं. मुलीचा बाप कैलासवासी केला. मग लिहिलं, 'कै. अमुक व श्रीमती तमुक यांची कन्या'. खाली नाही, बारीक नाही. वर, बापाच्या शेजारी, त्याच ठसठशीत टाइपात. निमंत्रकांतही पहिली तीच. काका, मामा, सगळे तिच्या मागे उभे केले. खाली दोन भाचरंही दिली, मामाच्या लग्नाऐवजी मावशीच्या लग्नाला बोलावणारी. मला मजा येऊ लागली होती. इतक्या लोकांची लग्नं जुळवली, हे पहिलं माझ्या मनासारखं.

तिथीची ओळ जुळवायचा कंटाळा आला. जुळवलेले खिळे ज्यावर चौकटीत बांधतात त्या दगडावर एक जुनी जुळवणी बांधलेली पडली होती, खिळे सोडायचे राहिलेली. त्यातली तिथीची ओळ उचलून तशीच बसवली, वेळ तेवढी बदलून गोरज मुहूर्त केला. गुलाबी कागदावर एक प्रत काढली, कडा मळवल्या, उन्हात ठेवली आणि तारेत मधोमध ओवली.

दीर आला. मी म्हटलं, सापडली एक. त्याने पत्रिका लांब धरली, आणि लग्नपत्रिका वाचणारा कुठलाही माणूस करतो तेच केलं: आधी तिथी बघितली.

त्याने तिथीवर बोट टेकवलं. मग मिशीखाली काहीतरी हललं.

"पोरी," तो म्हणाला, "भादव्यान लगीन?"

मी दगडाकडे पाहिलं. ती जुळवणी श्राद्धाच्या निमंत्रणाची होती. भाद्रपद वद्य. पितृपक्ष. मी माझ्या नव्या नवरीला ऐन पितृपक्षात बोहल्यावर चढवली होती.

"मांडवान वऱ्हाडी आले का पितरा आली जेवाया?" तो म्हणाला. आवाज शांत होता. "आनि अकलोलीन माजी आत्या दिलेली हाय. मी दर वरसाला जातंय. ह्या आडनावाचा एकय घर तिथं न्हाय."

मला माझी काळजी नव्हती. वाटलं, ह्याला वाटेल वहिनीनेच हे करवून घेतलं. आता त्या बाईचं नाव खाली, बारीकसुद्धा यायचं नाही.

त्याने पत्रिका परत वाचली. ह्या वेळी वरून. 'श्रीमती' पाशी थांबला.

"वर टाकलंस?"

"कन्या तिचीच आहे ना?" मी म्हटलं. आवाज बारीक आला.

बाहेर लूम चालले होते. मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली बघतच बोलला, "भाऊ गेला तवा ती बाविशीची होती. आमी बोललो, दुसरा घर कर. न्हाय बोलली. पोरीला पाटीन ठेवून बाजारान यायची." त्याने पत्रिका माझ्या हातात परत दिली. "ही दुसरी छाप. माघ टाक, माघ महिना बरा. आनि गाव वारा टाक. वाऱ्याला आमचा कोन न्हाय."

'वारा' म्हणजे वाडा, तालुक्याचं गाव, हे समजायला मला एक क्षण लागला. आणि तो काय म्हणतोय ते समजायला आणखी एक. मी उठून खिळे काढायला लागले. तो मागे येऊन उभा राहिला आणि सूचना करू लागला. काकांचं नाव दुसरं ठेव, तिसरं नको, म्हाताऱ्यांना राग येईल. मामा एकच पुरे. भाचरं राहू दे, भाचरं बरी आहेत. एवढं बारकाईने काम करवून घेणारं गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही.

तो कागद घेऊन तो भावकीत गेला. तिथे काय झालं ते मला थोडंच कळलं. एक म्हातारा म्हणाला म्हणे, वाड्याकडचे लोक सुधारलेले असतात. दुसरा म्हणाला, मग आपण काय मागे आहोत? झालं. आपल्याकडे 'हे बरोबर आहे' म्हटलं तर वाद होतो, 'तिकडे असंच करतात' म्हटलं की काम होतं.

अण्णांना मी सांगितलं नव्हतं. भावकीतून परत आलेली ती पत्रिका तारेवर दिसताच त्यांच्या लक्षात आलं, कारण त्यांना तारेवरची प्रत्येक पत्रिका पाठ होती. "ही आपण कधी छापली?"

"छापली," मी म्हटलं.

त्यांनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला. "कागद आपलाच आहे," म्हणाले आणि होती तिथे ओवून ठेवली.

पुढचं आधीच सांगून टाकते. ती वाड्याची नसलेली नवरी फार प्रसवली. तिच्यावरून अंजूरची झाली, अंजूरचीवरून शेजारच्या गावची, मग आणखी कुणाची. नव्वद सालानंतर ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले, आम्हीही छपाई बाहेरून करून आणू लागलो. तेव्हा एक तरुण आला, खिशाला पेजर लावलेला. बहिणीचं लग्न होतं, वडील नव्हते. मी सवयीने विचारलं, आईचं नाव टाकायचं ना? त्याला प्रश्नच कळला नाही. "म्हंजे काय? आमच्यान पयल्यापासून टाकतात." त्याने सोबत आणलेल्या पत्रिकेत भाचरं मावशीच्या लग्नाला बोलावत होती. माझीच ओळ. मी म्हटलं, हो, पहिल्यापासूनच.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो अंजूरच्या पत्रिका न्यायला आले तो दिवस.

आमच्याकडे रीत होती. गठ्ठा छापखान्यातून बाहेर पडण्याआधी पहिली पत्रिका दगडावर ठेवायची आणि घरच्या बाईने तिच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं. मग ती देवापुढे जाई. त्यासाठी खिळ्यांच्या पेटीच्या खालच्या खणात कुंकवाचा करंडा कायम असे. दीर आला, त्याची बायको आली, आणि मावशी. मावशीने पत्रिका दोन्ही हातांत धरली. तिला अक्षर लागत नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं, हे तुझं. तिने त्या जागेवर अंगठा फिरवला, शाई वाळली आहे का बघतात तसा, आणि पत्रिका दगडावर ठेवून दाराशी जाऊन उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. कुंकवाचा करंडा निघाला की बाजूला व्हायचं, हे तिच्या पायांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

जावेने करंड्याला हात घातला.

"थांब," दीर म्हणाला. "नाव वैनीचा हाय. तिला लावू दे."

मावशी दारातूनच म्हणाली, "मना न्हाय चालत."

"कागदाव चालला," तो म्हणाला, "मंग बोटाला काय झालाय?"

अण्णांनी पुढे होऊन ट्रेडल बंद केलं. जावेने करंडा उचलला, दारापर्यंत गेली आणि तो मावशीच्या पुढे धरला. मला त्या जावेचं फार कौतुक वाटलं, अजून वाटतं. मावशीचं अनामिकेचं बोट करंड्याच्या वर थांबलं, हललं, मग आत गेलं. ती दगडापाशी आली. चारही कोपरे लावायला तिला खूप वेळ लागला. एका कोपऱ्याला जरा जास्तच लागलं आणि ते 'कन्या' पर्यंत सांडलं.

बोट पुसायला मी शाईची चिंधी पुढे केली. सगळ्याच बायका त्या चिंधीला बोट पुसायच्या. तिने नको म्हणून मान हलवली. गठ्ठा दिराने घेतला, पिशवी जावेने. मी त्यांना नाक्यापर्यंत पोचवायला गेले. मावशी तो उजवा हात अंगापासून जरा लांब धरून, पदराला लागू न देता, गर्दीतून चालत होती. अंजूरच्या रिक्षात चढताना तिने दांडा डाव्या हाताने धरला.